यंत्राचा मीपणा

२००६ च्या नोव्हेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात एका लंगडणाऱ्या यंत्राची हकीकत छापून आली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोश बोंगार्ड, व्हिक्टर झायकोव्ह आणि हॉड लिप्सन या तिघांनी ते बनवलं होतं. मधे धड, चार बाजूंना चार पाय, प्रत्येक पायाला दोन सांधे, म्हणजे एकूण आठ मोटरी. दिसायला तारामाशाच्या जातकुळीतलं. आपल्याकडे कोणते सुटे भाग आहेत एवढं त्या यंत्राला ठाऊक होतं. ते भाग एकमेकांना कसे जोडले आहेत, हे मात्र बनवणाऱ्यांनी त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं. पाय चार दिशांना आहेत, की सगळे तुकडे सापासारखे एकापुढे एक लावलेत? यंत्राच्या दृष्टीनं दोन्ही तितकंच शक्य होतं.

मग त्यानं एक मोटर हलवली. धड कुठल्या बाजूला किती कललं ते सेन्सरनं टिपलं. एवढ्या तुटपुंज्या माहितीवरून त्यानं स्वतःच्या शरीराचे बरेच आराखडे मनात, म्हणजे संगणकाच्या आत, रचले. मी असा असेन, किंवा तसा, किंवा आणखी तिसऱ्याच तऱ्हेचा. पुढची हालचाल त्यानं वाटेल ती केली नाही. ज्या हालचालीबद्दल या आराखड्यांमध्ये सर्वांत जास्त मतभेद होते, नेमकी तीच निवडली. पहिला आराखडा म्हणतो धड डावीकडे कलेल, दुसरा म्हणतो उजवीकडे. मग करूनच पाहू. खोटे ठरलेले आराखडे बाद झाले, उरलेल्यांत फेरफार झाले. अशा अवघ्या सोळा हालचालींत त्याच्या हाती स्वतःचं बरंच नेमकं चित्र आलं. त्या चित्रालाच त्यानं आतल्या आत चालायला शिकवलं आणि मग ती चाल खऱ्या पायांनी चालून दाखवली.

त्यानंतर संशोधकांनी त्याच्या एका पायाचा तुकडा काढून घेतला. यंत्राला कोणी काही सांगितलं नाही. पण आता हालचाल आणि कलणं यांचा मेळ बसेना. यंत्रानं आराखडा बदलला, त्यात एक पाय आखूड झाला, आणि नव्या शरीराला जमेल अशी नवी चाल त्यानं शोधून काढली. ते लंगडू लागलं.

या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं काय असेल, तर मला वाटतं, हे लंगडणं. मोटारींच्या कारखान्यातला वेल्डिंग करणारा हात घ्या. त्याच्या प्रत्येक दांड्याची लांबी, प्रत्येक सांध्याचा कोन अभियंत्यांनी आकड्यांत भरून दिलेला असतो. अचूकपणात कॉर्नेलचं ते यंत्र त्याच्या आसपासही येणार नाही. पण ठोकर लागून वेल्डिंगचं टोक वाकलं, तर बहुतेक वेळा तो हात त्याच ऐटीत, त्याच जागी ठिणग्या पाडत राहील; जोड मात्र भलतीकडेच पडेल. त्याच्याकडे शरीर आहे, शरीराविषयीचं मत नाही. मत असतं तरच ते चुकीचं ठरू शकतं, आणि चुकीचं ठरलं तरच दुरुस्त होतं.

यंत्राला स्वत्वाचं भान द्यायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमे येतात: लाल डोळ्याचा संगणक, बंड करणारे यंत्रमानव. प्रयोगशाळेतला प्रश्न याहून पुष्कळ साधा असतो, आणि माझ्या मते जास्त खोलही. मला आत्ता जे काही जाणवतंय, त्यातलं माझ्यामुळे किती आणि बाहेरच्या जगामुळे किती? ही वजाबाकी ज्याला जमते, त्याच्याकडे ‘मी’चा पहिला अंश आहे, असं मानायला हरकत नाही. आणि ही वजाबाकी करायला मोठा मेंदू लागतो असंही नाही. रातकिड्यालासुद्धा ती येते.

नर रातकिडा पंखावर पंख घासून जो कर्कश आवाज काढतो, तो त्याच्या स्वतःच्या कानांपाशी शंभर डेसिबलच्या घरात जातो. त्याचे कान असतात पुढच्या पायांवर, म्हणजे या भोंग्याच्या अगदी शेजारी. रात्रभर असं किरकिरल्यावर त्याचे कान बधिर व्हायला हवेत. शत्रूची चाहूल तर ऐकूच येऊ नये. पण तसं होत नाही. केंब्रिजमधल्या जेम्स पूले आणि बेर्टहोल्ट हेडविग यांनी २००६ मध्येच याचं कारण थेट एका चेतापेशीत दाखवून दिलं. पंखांना ‘घास’ असा हुकूम सुटतो, त्याच क्षणी त्या हुकमाची एक प्रत ही पेशी श्रवणकेंद्राकडे पोचवते आणि तेवढ्या क्षणापुरती तिथली जाणीव दाबून टाकते. दोन किरकिरींच्या मधल्या फटीत कान पुन्हा तीक्ष्ण. स्वतःचा आवाज वजा, जगाचा शिल्लक.

हुकमाची ही प्रत जर्मनीत एरिश फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी १९५० मध्ये सिद्धांत म्हणून मांडली होती. त्यांचा प्रयोग काहीसा क्रूर होता. त्यांनी एका माशीचं डोकं मानेवर अर्धं वळण फिरवून तसंच चिकटवून टाकलं. आता डावा डोळा उजवीकडे, उजवा डावीकडे. माशी वळू लागली की डोळ्यांपुढचं दृश्य तिच्या अपेक्षेच्या बरोबर उलट दिशेला सरकायचं. वजाबाकीच्या जागी बेरीज व्हायची आणि माशी गोल गोल फिरत राहायची. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी डोळे उलटे बसवलेल्या माशांवरून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचला होता. आपल्यापुरता पुरावा हवा असेल तर एक डोळा मिटा आणि दुसऱ्याची पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडून बोटानं अलगद दाबा. खोली हलते. एरवी दिवसभर डोळे गरगर फिरत असतात तेव्हा ती हलत नाही, कारण डोळ्याच्या स्नायूंना दिलेल्या हुकमाची प्रत मेंदूकडे असते. बोटानं डोळा ढकलला जातो, तेव्हा त्या स्नायूंना हुकूमच गेलेला नसतो.

ही युक्ती यंत्रांत केव्हाच आलेली आहे, फक्त तिला कोणी ‘स्वत्व’ म्हणत नाही. घरातला बोलका स्पीकर मोठ्यानं गाणं वाजवत असतानाही आपलं नाव घेतलेलं ऐकतो, तो स्वतः वाजवत असलेलं गाणं माइकच्या आवाजातून वजा करूनच. फोनचा स्पीकर लावून बोलताना पलीकडच्याला त्याचाच आवाज परत ऐकू येत नाही, त्यामागेही हेच. रोबोच्या बाबतीत प्रश्न जास्त अवघड होतो. कॅमेऱ्यापुढून स्वतःचाच हात गेला तर रोबो त्याला अडथळा समजून थबकू शकतो.

माणसात ही वजाबाकी किती बारीक चालते, याचा उलगडा लंडनमध्ये सेरा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोलपर्ट आणि क्रिस फ्रिथ यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी केला, आणि तोही रोबोंच्या मदतीनं. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, हे पोरासोरांनाही माहीत. पण का? त्यांनी माणसाच्या डाव्या हातात एका यंत्राची मूठ दिली. डावा हात जसा हलेल तसं दुसरं यंत्र उजव्या तळव्यावर स्पंजचा तुकडा फिरवी. हालचाल लगेच पोचली तर गुदगुल्या नाहीत. मग त्यांनी मधे उशीर घातला: सेकंदाचा एक दशांश, दोन दशांश, तीन दशांश. उशीर वाढत गेला तशा गुदगुल्या वाढत गेल्या. हात माझाच, इच्छा माझीच, पण परिणाम अंदाजाच्या वेळेला आला नाही, तर तो जणू परक्याचा झाला. सेकंदाच्या तीन दशांशात ‘मी’ची हद्द इतकी सरकते.

याच मंडळींपैकी काहींचा २००३ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. दोन माणसांनी आळीपाळीनं एकमेकांचं बोट दाबायचं, आणि समोरच्यानं जेवढा जोर लावला बरोबर तेवढाच आपण लावायचा. दोघंही प्रामाणिक. तरी काही फेऱ्यांतच जोर वाढत वाढत जातो, कारण स्वतः लावलेला जोर मेंदू वजा करून टाकतो आणि तो कमी भासतो. दोन भावंडं ‘यानं जास्त जोरात मारलं’ म्हणून रडत येतात, तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात.

हे सगळं झालं शरीर ओळखण्याबद्दल. पण शरीर माझं आहे असं वाटणं आणि ते मीच हलवतोय असं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. अंगात येतं तेव्हा अंग त्या बाईचंच असतं. घुमवणारी देवी असते. शिकल्यासवरल्या घरांत हेच काम प्लँचेटनं केलं. वाटीवर तिघाचौघांची बोटं, वाटी अक्षरांवरून सरकते, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी ढकलत नाहीये.

या शपथेची तपासणी मायकेल फॅरडेनं १८५३ मध्येच केली होती. तेव्हा लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं खूळ होतं. लोक टेबलाभोवती हात टेकून बसत आणि आत्मे टेबल हलवीत. फॅरडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि थरांच्या मधे मऊ डिंकासारखा पदार्थ लावला. टेबल आधी हललं असतं तर खालचा थर पुढे सरकला असता. सरकला तो वरचा, म्हणजे हात आधी ढकलत होते. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. त्यानं एक हलकी काडी अशी बसवली, की हात जरा जरी ढकलू लागले तरी बसणाऱ्यांना ती कललेली दिसावी. काडी दिसू लागली, आणि टेबल हलायचं थांबलं. आपल्या कृतीचा परिणाम आपल्याला दिसू लागला आणि कर्तेपण परत आलं.

कर्तेपणाची ही जाणीव मोजण्याची एक चतुर पद्धत पॅट्रिक हॅगर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शोधली. माणूस एक बटण दाबतो आणि पाव सेकंदानं एक स्वर वाजतो. बटण केव्हा दाबलं आणि स्वर केव्हा ऐकला, हे त्यानं एका फिरत्या काट्यावरून सांगायचं. स्वतःहून बटण दाबलं, की दोन्ही घटना मनात एकमेकींकडे सरकतात: बटण दाबलं ते जरा उशिरा, स्वर वाजला तो जरा आधी. पण डोक्याबाहेरून चुंबकाचा झटका देऊन बोट नुसतं उडवलं, तर त्या एकमेकींपासून लांब जातात. म्हणजे ‘मी केलं’ या भावनेचा ठसा घड्याळावर उमटतो. ‘हे तू केलंस का’ असं माणसाला थेट विचारावं लागत नाही. हे माप पुढे आपल्याला लागणार आहे.

बाळ हे कर्तेपण कसं मिळवतं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी पाळण्यावर टांगलेलं खेळणं आणि बाळाचा पाय यांच्यामध्ये एक रिबीन बांधली. दोन-तीन महिन्यांची बाळं थोड्याच वेळात ताडतात की पाय झाडला की खेळणं नाचतं, आणि मग पाय झाडण्याचा सपाटा लावतात. २०२३ मध्ये फ्लॉरिडातल्या एका गटानं हाच प्रयोग बारीक मोजमापांसह पुन्हा केला. त्यांचं लक्ष बाळ पाय केव्हा झाडतं याइतकंच केव्हा थांबतं याकडेही होतं. बाळ मधेच स्थिर होतं आणि जणू पाहतं, की आता हे थांबतंय का? पाय हलवला तर हलतं, एवढ्यानं भागत नाही. नाही हलवला तर नाही हलत, हेही तपासावं लागतं. कॉर्नेलच्या यंत्रानं मतभेदाची हालचाल निवडली, तीही याच वृत्तीतून.

लिप्सन पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे २०१९ मध्ये रॉबर्ट क्वियाटकोव्स्की यांच्याबरोबर त्यांनी चार सांध्यांच्या एका हाताला स्वतःची ओळख नव्यानं करून घ्यायला लावली, यावेळी सुट्या भागांची माहितीही न देता. हजारेक आडव्यातिडव्या हालचाली आणि पस्तीस तासांहून कमी शिकवणी, एवढ्यावर त्याचं आतलं चित्र प्रत्यक्षापासून सुमारे चार सेंटिमीटरच्या आत आलं. टप्प्याटप्प्याला आपली स्थिती तपासायला मिळाली, तेव्हा दिलेल्या जागेवरची वस्तू उचलून डब्यात टाकण्याचं काम त्यानं एकदाही चुकवलं नाही. अध्येमध्ये न तपासता, केवळ आतल्या चित्राच्या भरवशावर करायला लावलं, तेव्हा शंभरांत चव्वेचाळीस वेळा जमलं. हे ऐकायला कमी वाटतं. पण अंधारात जिना उतरताना, आणखी एक पायरी आहे असं समजून ज्यानं जमिनीवर पाय आपटलाय, त्याला हे आकडे फारसे वाईट वाटणार नाहीत. २०२२ मध्ये बोयुआन चेन यांच्या पुढाकारानं त्याच प्रयोगशाळेनं एका यांत्रिक हाताभोवती पाच कॅमेरे लावले. सुमारे तीन तास स्वतःला निरखून त्यानं आपण कुठल्या पवित्र्यात किती जागा व्यापतो हे शिकून घेतलं. चूक होती त्याच्या एकूण आवाक्याच्या सुमारे एक टक्का.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात याच्या उलट्या वाटेनं एक प्रयोग झाला. रबरी हाताचा भास प्रसिद्ध आहे. खरा हात पडद्याआड, समोर रबरी हात, दोन्हींवर एकाच लयीत कुंचला फिरवला की माणसाला रबरी हात आपला वाटू लागतो (बॉट्विनिक आणि कोहेन, १९९८). म्युनिकच्या गटानं २०१८ मध्ये हाच भास एका रोबोवर घडवला. आपला हात कुठे आहे याचा रोबोचा अंदाज खोट्या हाताकडे सरकला. यंत्र फसलं, आणि संशोधक खूश झाले. त्यांचं बरोबरच होतं. फसायला आधी समज लागते.

आता आरशाबद्दल, थोडक्यात, कारण या चाचणीला वाजवीपेक्षा जास्त भाव मिळाला आहे असं माझं मत आहे. गॉर्डन गॅलपनं १९७० मध्ये चिंपांझींच्या चेहऱ्यावर रंगाचे ठिपके लावून त्यांना आरशापुढे बसवलं. त्यांनी हात आरशाला लावण्याऐवजी स्वतःच्या चेहऱ्यावरच्या ठिपक्यांना लावला. येल विद्यापीठाच्या नीको नावाच्या रोबोनंही आरशातली स्वतःची हालचाल ‘माझी’ म्हणून ओळखली: माझ्या मोटरीला हुकूम सुटल्यावर ठरावीक वेळात जे हलतं ते मी, स्वतःच्या मर्जीनं हलणारं ते दुसरं कोणी, हलतच नाही ती वस्तू. काम सुंदर आहे. पण चिंपांझीला ही युक्ती कोणी शिकवली नव्हती. चाचणी पास होण्यासाठीच यंत्र बनवलं, की चाचणीचा अर्थ बदलतो.

२०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटमध्ये सेल्मर ब्रिंग्सयर्ड यांनी तीन छोट्या ‘नाओ’ रोबोंना सांगितलं, की तुमच्यापैकी दोघांना मुकं करणारी गोळी दिली आहे. गोळी म्हणजे डोक्यावरचं एक बटण. मग विचारलं, तुला कुठली गोळी मिळाली? तिघांनाही ठाऊक नव्हतं. त्यांतला एक उठून म्हणाला, मला माहीत नाही. म्हणता म्हणता स्वतःचा आवाज ऐकला, आणि दिलगिरी व्यक्त करून म्हणाला, आता कळलं, मला ती गोळी मिळालेली नाही. वर्तमानपत्रांनी ‘रोबोला आत्मभान आलं’ असे मथळे दिले. तितकं काही झालं नव्हतं. ते तर्कशास्त्राचं एक जुनं कोडं होतं. पण एक गोष्ट त्यात खरी होती. उत्तर मिळालं ते बोलण्यातून नव्हे, तर बोललेलं आपलंच म्हणून परत ऐकण्यातून.

गप्पा मारणारे प्रोग्रॅम आज मराठीतही ‘मला वाटतं’ म्हणतात, त्यांना नेमकी इथेच, आपलं बोललेलं आपलंच म्हणून ओळखण्यात, अडचण येते. ते शिकले माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून, त्यामुळे ‘मी’ हा शब्द त्यांना आयताच मिळाला. डीपमाइंडच्या पेद्रो ओर्तेगा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्यातली खोच दाखवली. समजा, दोन पेट्या आहेत. एकीत बक्षीस, दुसरीत बेडूक. प्रोग्रॅम ज्या नोंदींवर शिकला, त्या बक्षीस कुठे आहे हे माहीत असलेल्या लोकांच्या. म्हणून नोंदींत जी पेटी निवडली तिच्यातच बक्षीस. आता प्रोग्रॅमला स्वतः निवडायला सांगा. त्याला काहीच माहीत नाही, म्हणून तो अंदाजपंचे डावी पेटी निवडतो. मग स्वतःचीच निवड वाचतो आणि म्हणतो, डावी निवडलेली दिसते, म्हणजे बक्षीस डावीकडेच असणार. स्वतःची कृती त्यानं जगाबद्दलचा पुरावा म्हणून वाचली. संशोधकांनी याला भ्रमच म्हटलं. उपाय सांगितला तो असा, की आपण केलेली कृती आणि पाहिलेली घटना यांचा हिशेब वेगळा ठेवा. रातकिड्याची ती एक चेतापेशी हेच काम करते.

म्हणून मला कॉर्नेलच्या मुक्या यंत्राचा ‘मी’ या बोलक्या प्रोग्रॅमांपेक्षा जास्त खरा वाटतो. पण हे कायम असंच राहील असं नाही. या प्रोग्रॅमांना आता फायली बदलण्याचं, आज्ञा चालवण्याचं, दुसऱ्याच्या संगणकावर कामं करण्याचं स्वातंत्र्य मिळू लागलं आहे. एखाद्या फायलीतला बदल मी केला, की माझ्या मागे मालकानं? हा प्रश्न ज्याला पडत नाही, तो मालकाचं काम आपली चूक समजून पुसून टाकू शकतो.

इथून पुढचा प्रश्न ताब्याचा. यंत्राला नुसती ‘हे मी केलं’ ही जाणीव पुरत नाही; आपण किती काही करू शकतो, याचा अंदाजही लागतो. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठात अलेक्झांडर क्ल्यूबिन, डॅनियल पोलानी आणि क्रिस्टोफर नेहानिव यांनी २००५ मध्ये यासाठी एक माप सुचवलं. आत्ता ज्या ज्या कृती मला करता येतील, त्यांमुळे थोड्या वेळानं माझ्या सेन्सरांना दिसणाऱ्या जगात किती वेगवेगळे फरक पडू शकतात? कोपऱ्यात अडकलेल्या रोबोचं माप कमी, खोलीच्या मधोमध असलेल्याचं जास्त, बॅटरी संपलेल्याचं शून्य. यंत्राला एवढंच सांगा, की हे माप वाढतं ठेव. मग गाड्यावर उभी केलेली काठी पडू न देता तोलण्याचं काम ते न शिकवताच करतं, कारण पडलेल्या काठीपेक्षा उभ्या काठीपाशी पुढच्या वाटा जास्त असतात.

सजीवांच्या बाबतीत या मापाचं दुसरं टोक मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. काही केलं तरी विजेचे झटके थांबत नाहीत हे अनुभवलेले बहुतेक कुत्रे, पुढे सुटका सोपी असतानाही नुसते पडून राहिले. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपलाच निष्कर्ष उलटा केला. हतबलता शिकावी लागत नाही. दीर्घ त्रासात निपचित पडणं हीच मेंदूची मूळ रीत असते, आणि शिकावं लागतं ते आपल्या हातात काहीतरी आहे हे. शास्त्रात असा उमदेपणा फार वेळा पाहायला मिळत नाही.

पण वाटा वाढवत राहणारं यंत्र माझ्या वाटा अडवणार नाही कशावरून? आयझॅक असिमोव्हनं १९४२ मधल्या कथेत रोबोंसाठी तीन नियम घातले, त्यांतला तिसरा आत्मरक्षणाचा होता, आणि तो माणसाच्या आज्ञेच्या खाली ठेवलेला. २०१७ मध्ये क्रिस्टोफ साल्गे आणि पोलानी यांनी या नियमांना पर्याय सुचवला: यंत्रानं स्वतःचं माप सांभाळावंच, पण शेजारच्या माणसाचंही सांभाळावं. माणसाच्या पुढच्या वाटा बंद होतील अशा जागी उभं राहू नये. त्याच वर्षी डिलन हॅडफील्ड-मेनेल आणि स्टुअर्ट रसेल यांच्या गटानं बंद करण्याच्या बटणाचं गणित मांडलं. माणसाला काय हवंय याची ज्या यंत्राला शंभर टक्के खात्री आहे, त्याला बटण माणसाच्या हाती ठेवायचं काही कारण उरत नाही. जे साशंक आहे, ते बटणाला हात लावू देतं, कारण माणसानं बटण दाबणं हीच त्याच्यासाठी माहिती असते.

या चर्चांमध्ये यंत्राच्या शेजारी बसलेल्या माणसाचं काय होतं, हे मात्र बरेचदा राहून जातं. फ्रान्समध्ये ब्रुनो बेर्बेरियान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये विमान चालवण्याच्या नकली यंत्रणेपुढे लोकांना बसवलं आणि काम क्रमाक्रमानं स्वयंचलित करत नेलं. मोजलं ते हॅगर्डचं तेच माप: कृती आणि परिणाम यांमधलं अंतर मनात किती आकसतं. यंत्र जसं जास्त काम करू लागलं, तसं ते आकसणं कमी होत गेलं. माणूस यंत्रणेपुढेच होता, पण कर्तेपण ओसरत होतं. अपघाताच्या वेळी वैमानिकानं झटकन ताबा घ्यावा अशी अपेक्षा करणाऱ्यांनी हा आलेख भिंतीवर लावून ठेवावा.

बेर्बेरियान यांच्या गटानं पुढे एक साधा उपाय तपासून पाहिला. यंत्रणेनं काम आपल्याकडेच ठेवायचं, फक्त पुढच्या क्षणी आपण काय करणार आहोत ते करण्याआधी पडद्यावर दाखवायचं. माणसाच्या हातात एकही जादा बटण दिलं नव्हतं. तरी नुसत्या त्या आगाऊ इशाऱ्यानं, आपण अजून ताब्यात आहोत, ही जाणीव काही प्रमाणात परत आली.